क्रेसवेलच्या कड्यांतील एक पुरावा

इंग्लंडांत डार्बीशायर व नॉटिंगहॅमशायर या परगण्यांच्या शिवेवर क्रेसवेल क्रॅग्ज नांवाची चुनखडीच्या कड्यांची एक अरुंद घळ आहे. कडे, भोंवतालची झाडी व कड्यांच्या पोटांतील गुहा हीं आज कायद्यानें संरक्षित आहेत. गुहांच्या तोंडांस लोखंडी जाळ्या असून आम्हीं त्या वाटाड्याबरोबरच पाहिल्या.

येथील रॉबिन हूड गुहेंत १८७६ सालीं रेव्हरंड मेलो यांस घोड्याची आकृति कोरलेलें हाड सांपडलें. तें हल्लीं ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. परंतु उत्खननाची नोंद काटेकोर नसल्यामुळें, तें बाहेरून आणून ठेविलें असावें असा संशय निघाला. पुढें सव्वाशें वर्षें ब्रिटनमधील गुहांच्या भिंतींवर हिमयुगीन कोरीवकाम कोणास खात्रीनें दाखवितां आलें नाहीं. एप्रिल २००३ मध्यें पॉल बान, पॉल पेटिट व सर्जिओ रिपोल यांस समोरच्या चर्च होल गुहेंत तें आढळलें. पूर्वीच्या उत्खनकांनीं माती उपसल्यानें गुहेची भुई खालीं गेली व आकृति डोक्यावर राहिल्या. त्यांतील एक प्रथम रानबोकड समजली गेली. मागाहून ती नर हरिणाची ठरली.

आतां हें काम अर्वाचीन नव्हे कशावरून? याचें उत्तर चुनखडीनेंच दिलें. झिरपणारें पाणी विरघळलेला चुना भिंतीवर पुटाच्या रूपानें सांठवितें. त्या पुटांत किंचित् युरेनियम असतें आणि त्याचें कालांतरानें थोरियम होतें. दोहोंच्या प्रमाणावरून पुटाचें वय निघतें. कांहीं रेषांवरील पुटें १२,८०० वर्षांहून जुनीं निघालीं. अर्थात् खालील रेषा त्याहूनही प्राचीन. सनदेवरील मोहोरेप्रमाणें हें पूट साक्ष देतें. मात्र तें अलीकडील मर्यादा सांगतें, नेमकें साल नव्हे, आणि ज्या रेषांवर तें नाहीं त्यांविषयीं मौन धरितें.

रॉबिन हूड गुहेंतील शेंकडों रेघोट्याही प्रवाशांचा चाळा म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या होत्या. त्या अनिष्टनिवारणार्थ कोरलेल्या खुणा असल्याचें २०१९ सालीं जाहीर झालें.

यांतून आम्हां संग्राहकांनीं घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. दप्तर हातीं येतांच आपण त्याची धूळ झाडतों, जुनें वेष्टन फेंकतों, समासांतील फरांटे निरर्थक ठरवितों. क्रेसवेलच्या पहिल्या उत्खनकांनीं जी माती उपसली तिची साक्ष कायमची गेली. रेषांवरचें पूट राहिलें, म्हणूनच त्यांचें प्राचीनत्व आज सांगतां येतें. मळ कोणता व पुरावा कोणता हें ठरेपर्यंत हात आवरावा, हेंच खरें.