पावकीपासून कागदी पट्टीपर्यंत

मूर्तिजापूर म्हणजे कापसाचं गाव. इथल्या जुन्या माणसांना पावकी, दिडकी, औटकी विचारून पाहा. सातांना साडेतीनने गुणलं की साडेचोवीस, हे एकदा पाठ झालं की पुन्हा मांडायचं नाही.

केंब्रिजला एडसॅक यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला. मॉरिस विल्क्स प्रमुख. डेव्हिड व्हीलर विद्यार्थी, जेमतेम बावीस वर्षांचा. सगळेच शिकाऊ, त्यामुळे चुका फार. यंत्राला भागाकाराची आज्ञासुद्धा नव्हती! मग भागाकार, वर्गमूळ, छपाई असा एकेक तुकडा तपासून, कागदी पट्टीवर भोकं पाडून जपून ठेवायचा, नवीन कामात त्याची नक्कल जोडायची. खरी मेख होती परतण्याची. तुकडा संपल्यावर यंत्राने मूळ कामात नेमकं कुठे यायचं? ती युक्ती व्हीलरने काढली. १९५१ पर्यंत असे ८७ तुकडे जमले.

म्हणून एखादी मुलगी शिकताशिकता तारखेचं, रुपये-पैशांचं छोटं फंक्शन स्वतः लिहिते, तेव्हा ‘हे तर तयार मिळतं’ म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा तयार तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि जगभर हजारो प्रोजेक्टं अडली. अकरा ओळींचा होता, बरं का!