कार्पेंटर मावशींचे माहेर

भोपाळच्या जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचे लहानपण गेले. 1956 साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली त्यांत आमचे आजोबा होते. आजूबाजूला सगळी हिंदी. घरात मराठी पुस्तके मोजकीच. त्यांतली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ आजीने किती वेळा वाचली असेल कोण जाणे! एकदा पुस्तक मिटून ती म्हणाली, “अरे, ती कार्पेंटरबाई कुणाची रे? तिचं माहेर कुठलं?” आम्ही सगळे हसलो. अमेरिकन बाईला कसले आले माहेर!

प्रश्न मात्र मनात राहिला तो राहिलाच.

थिओडिशिया कार्पेंटर ही न्यू जर्सीतल्या रोझेल गावची गृहिणी. पुढारी नव्हे, लेखिका नव्हे. 1880 साली दंतवैद्याकडे खोळंबून बसली असताना एका मिशनरी मासिकातले गोपाळराव जोशांचे पत्र तिच्या नजरेस पडले. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी मदत मागितली होती, आणि आधी ख्रिस्ती व्हा, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले होते. या बाईने मात्र आपण होऊन हिंदुस्थानात पत्र पाठवले. जून 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा उतरून घ्यायला हीच ‘मावशी’ आली होती.

अशा साध्या बाईचे घराणे शोधायचे कसे? अमेरिकेत 1850 च्या शिरगणतीपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव कागदावर येऊ लागले. त्यापूर्वी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बायकामुले नुसती आकड्यांत. (गुलामांची नावे 1850 सालीही नाहीत, हे विसरू नये.) 1890 चे बहुतेक कागद 1921 च्या आगीत नासले. बरे, कागद सापडला तरी बाई सापडते ती सासरच्या आडनावाने. एवढ्यापुरते ते आणि आपण सारखेच!

कार्पेंटरबाईंचे माहेर मला दोन ठिकाणी भेटले. एक, लेकीच्या नावात. तिचे नाव एमी, आणि आईचे माहेरचे आडनावही तेच. असे आडनाव मुलाला ठेवण्याची चाल तिकडे आहे. दुसरे, स्मशानात. आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत ठेवली, ती एमी घराण्याच्या जागेत. म्हणजे स्वतःच्या माहेरच्या मातीत! आजी असती तर म्हणाली असती, “म्हणजे मावशीने भाचीला माहेरीच नेलं की रे.”

मग मी आपल्या घराकडे वळलो, आणि खरी पंचाईत तिथे झाली. आपल्याकडे पहिली शिरगणती 1872 ची, पण घरोघरचे कागद जपलेलेच नाहीत. आमच्या वंशावळीत नऊ पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे आहेत. लेक एकही नाही. सुनांची नावे लग्नात बदललेली, तेव्हा एकाच बाईच्या दोन बाया होतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबा निघाले. त्यांच्याशेजारी खापरपणजीचे नाव आहे, तेही सासरचे. आजीची आई एकोणिसाव्या शतकातली. तिचे माहेर कुठले, हे आजीला पक्के ठाऊक होते. आम्ही तिला अमेरिकेतल्या बाईवरून हसलो, पण हे कधी विचारले नाही.

जवाहर चौकातली ती क्वार्टरे पुढे स्मार्ट सिटीच्या कामात पाडली गेली. ‘आनंदी गोपाळ’ची ती प्रत माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर आजीने शाईने आपले सासरचे पूर्ण नाव लिहिले आहे, आणि खाली कंसात, बारीक अक्षरांत, माहेरचे नाव, वडिलांचे नाव, गाव. परवा ते पान मुलीपुढे ठेवले आणि वंशावळीत आजोबांच्या शेजारी उतरवून घ्यायला सांगितले. तिथे जागा नव्हती. तिने समासात लिहिले.