‘कुली’ आणि जव्हारचे कोळी राजे

रेल्वेच्या फलाटावरून थेट इंग्रजी शब्दकोशात शिरलेला ‘कुली’ हा शब्द मूळचा कुणाचा? एका मतानुसार तो ‘कोळी’ या जातिनामाचाच अपभ्रंश आहे.

१५४८ च्या एका पोर्तुगीज महसुली नोंदीत वसईच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या कोळ्यांवरील कर आढळतो. पश्चिम किनाऱ्यावर हमालीची कामे करणाऱ्या कोळ्यांचे नाव पुढे त्या कामालाच चिकटले, असे १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचे म्हणणे. दुसरा दावेदार तमिळ ‘कूलि’, म्हणजे मजुरी. नाव पश्चिमेचे आणि अर्थावरचा रंग दक्षिणेचा, असे मानणे अधिक सयुक्तिक. (चिनी लोकांनी तर हाच शब्द ‘कडू’ आणि ‘बळ’ या दोन चिन्हांनी लिहिला!)

आता वसईहून सह्याद्रीकडे वळू. किनाऱ्यावरचे कोळी आणि डोंगरातले महादेव कोळी हे वेगळे समाज. नाव मात्र एकच. चौदाव्या शतकात महादेव कोळी जयबा मुकणे यांनी जव्हारचे राज्य स्थापिले. बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागून, त्या कातड्याच्या वाद्या कापून त्यांनी मुलूख वेढला, अशी आख्यायिका आहे. अर्थात हीच कथा कार्थेजच्या राणीचीही सांगतात. त्यांचे पुत्र नेमशाह यांना १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाची मान्यता लाभली. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज आणि विक्रमशाह यांची भेट शिरपामाळ येथे झाल्याचे सांगतात. मुकण्यांची गादी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली.

ही गादी नांदत असतानाच, १८३४ पासून, ‘कुली’ हा शब्द जहाजांवर चढला. करारबद्ध मजूर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. पोर्ट लुईला ते उतरत, त्या धक्क्याचे नावच ‘कुली घाट’ पडले. नाताळमध्ये हा शब्द शिवी झाला आणि गांधीजी ‘कुली बॅरिस्टर’ ठरले. मॉरिशसने १९८७ मध्ये त्या धक्क्याचे नाव ‘आप्रवासी घाट’ केले. भारतीय रेल्वेचा ‘कुली’ कागदोपत्री ‘सहायक’ व्हायला मात्र २०१६ चा रेल्वे अर्थसंकल्प उजाडावा लागला.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून भातकापणीनंतर आजही कितीतरी आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात, बहुधा मालकाकडून आधीच घेतलेली उचल फेडण्यासाठी.