आणीबाणी आणि आमची एक सही

मागच्या व्याख्यानात आपण जर्मनीत होतो. वायमार राज्यघटनेचं ४८वं कलम, ३० जानेवारी १९३३ला हिटलरचं चॅन्सेलर होणं, आणि पुढच्या दोन महिन्यांत सगळं कसं कायदेशीर मार्गानं उरकलं गेलं ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला : सर, आपल्याकडे असं होऊ शकेल का? आम्हांला जरा हसू आलं. होऊ शकेल का काय, एकदा होऊन गेलेलं आहे की! २०२५च्या २५ जूनला त्याला ५० वर्षं पूर्ण झाली. तुमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. आम्ही मात्र २७ वर्षांचे होतो, पोटापाण्याला तत्त्वज्ञान शिकवत होतो.

तारखा थोडक्यात सांगतो, कारण त्या तुम्हांला कुठेही मिळतील. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली, आणि मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी सही, मग मंत्रिमंडळ. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडली होती. पुढच्या एकवीस महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसं खटल्याशिवाय तुरुंगात राहिली. 'मिसा'त दुरुस्ती करून अशी सोय केली गेली की पकडलेल्या माणसाला कारणसुद्धा सांगायला नको.

आता, हे सगळं घटनेबाहेर जाऊन केलं का? नाही. ३५२वं कलम घटनेतच होतं. संविधान सभेत ह. वि. कामतांनी आणीबाणीच्या या तरतुदींना कडाडून विरोध केला होता, आणि बोलताना नेमका वायमारचाच दाखला दिला होता. बहुमतानं ते बाजूला सारलं गेलं. मोठ्या माणसांच्या सद्भावनेवर विसंबून दार उघडं ठेवलं, झालं. त्याच सभेत २५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. दोन्ही इशारे इतिवृत्तात छापलेले आहेत. कुणाला वाचायचे असतील तर.

आम्हांला सगळ्यात जास्त बोलायचंय ते एका निकालाबद्दल. २८ एप्रिल १९७६. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल. प्रश्न साधा होता : आणीबाणी चालू असताना सरकारनं मला बेकायदा पकडलं, तर मी न्यायालयात जाऊन 'मला का पकडलं' असं विचारू शकतो की नाही? मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी, कमी-अधिक फरकानं, विचारू शकतोस असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर? डे यांचं उत्तर असं की आणीबाणी असेपर्यंत त्यावरही दाद मागता येणार नाही. थोडं थांबून विचार करा. सरकारचा वकील भर न्यायालयात हे सांगतो, आणि पाचांपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूनं निकाल देतात. विरोधात एकटे खन्ना. जगण्याचा हक्क घटनेनं दिला म्हणून निर्माण झालेला नाही, त्यामुळे ते कलम स्थगित झालं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव घेता येत नाही, अशी त्यांची भूमिका. ज्याला आम्ही वर्गात नैसर्गिक हक्क म्हणून दोन तासिकांत शिकवून मोकळे व्हायचो, त्यासाठी या माणसानं सरन्यायाधीशपद घालवलं. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांची नेमणूक झाली आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत एक आपले यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्याचे. बुद्धिमत्तेला तोड नव्हती. २०१७ साली त्यांच्याच चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं. न्या. भगवती यांनीही २०११मध्ये आपली चूक जाहीरपणे कबूल केली. पस्तीस वर्षांनी. असो. न्यायमूर्तींना नावं ठेवणं सोपं आहे, कारण त्यांचं लिहिलेलं शिल्लक राहतं.

महाराष्ट्रात काय होतं? डिसेंबर १९७५मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. आजारी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून प्रार्थनेसाठी बाईंनी मंडप उभा केला, त्याच व्यासपीठावरून. पुढे त्यांना अटक झाली. 'साधना' साप्ताहिक यदुनाथ थत्त्यांनी सेन्सॉरशी भांडत चालवलं. आणि तिकडे पवनारला विनोबांचं मौन होतं. त्यांचा 'अनुशासन पर्व' हा शब्द सरकारनं भिंतीभिंतीवर रंगवला. महाभारतातल्या एका पर्वाचं ते नाव. विनोबांनी नंतर उलगडून सांगितलं की सत्ताधाऱ्यांचं ते शासन, आचार्यांचं ते अनुशासन. पण तोवर भिंती रंगून झाल्या होत्या. शब्दांचा अर्थ सांगायला उशीर केला की काय होतं, त्याचं आमच्यापाशी याहून चांगलं उदाहरण नाही. याच काळात आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, हेही आज कुणी आठवत नाही. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून वाचलो.

आता आमचं. 'गाड्या वेळेवर धावतात' हे वाक्य आमच्या वडिलांच्या तोंडी रोज असायचं, आणि खरं सांगायचं तर आम्हांलाही त्यात बरं वाटायचं. आमच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे एक सहकारी होते, समाजवादी विचाराचे. ऑगस्टमध्ये त्यांना घरून नेलं. त्यानंतर आठवड्याभरात शिक्षकांच्या खोलीत एक कागद फिरला, वीस कलमी कार्यक्रमाचं अभिनंदन करणारा ठराव. कुणी धमकी दिली नाही. शिपाई कागद घेऊन आला, खाली अकरा सह्या होत्या, आम्ही बारावी केली. शेजारी त्या सहकाऱ्यांची खुर्ची रिकामी होती. घंटा झाली, आम्ही वर्गात गेलो आणि कांट शिकवला. स्वायत्त माणूस म्हणजे काय, वगैरे. वर्ग चांगला झाला, हे विशेष.

म्हणून कुणी विचारलं की आज तुम्हांला भीती वाटते का, तर आमचं उत्तर थोडं अडखळतं. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं ते दार बऱ्यापैकी बंद केलंय. 'अंतर्गत अशांतता' गेली, 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा सल्ला लेखी हवा. जगण्याचा हक्क कधीच स्थगित होत नाही. पण खटला उभा न राहता माणसं वर्षानुवर्षं आत राहतात, त्याला आज आणीबाणी लागत नाही, जामीन अवघड करणारा कायदा पुरतो. अर्ज पुढच्या तारखेला ढकलला तरी काम भागतं. तेव्हा सेन्सॉरचा माणूस कचेरीत येऊन बसायचा. आता संपादक आपणच आधी ओळखतो काय छापायचं नाही. कोणतं सरकार, कोणता पक्ष, हा प्रश्न आम्ही मुद्दामच घेत नाही. तेव्हा तुरुंगात असलेल्यांचे वारस पुढे सत्तेत बसलेले आम्ही पाहिले आणि तेव्हा तुरुंगात टाकणाऱ्यांचे वारस लोकशाहीवर भाषणं करताना पाहिले. आम्हांला भीती वाटते ती त्या फिरणाऱ्या कागदाची.

मार्च १९७७ला काँग्रेस १५४ जागांवर आली, खुद्द इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. बातम्यांचा गळा दाबला की सरकारलाही खरं काही ऐकू येत नाही, हे त्या निकालात दिसलं. २१ मार्चला आणीबाणी उठली. आमचे सहकारी त्याआधीच सुटून आले होते. पहिल्या दिवशी त्याच खुर्चीवर बसले, चहा मागवला, वेळापत्रकात आपल्या तासिका कुणाला दिल्या होत्या एवढंच विचारलं. ठरावाबद्दल त्यांना माहीत होतं की नाही, आम्हांला कधी कळलं नाही. आम्ही विचारलं नाही, सांगितलंही नाही. पुढे वीस वर्षं एकत्र काम केलं, त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं. आता ते नाहीत. तो कागद महाविद्यालयाच्या कुठल्यातरी कपाटात अजून असेल, बारावी सही आमची.

दहा मिनिटं उरली आहेत. प्रश्न असतील तर विचारा, नावं सांगितली नाहीत तरी चालेल.