टेम्स नदीतील पोषकद्रव्ये : दीर्घकालीन कल

इंग्लंडमधील टेम्स नदीच्या पाण्यातील नायट्रेटची मोजणी लंडनच्या वरच्या अंगाला हॅम्प्टन येथे १८६८ पासून होत आली आहे. नदीजलाच्या रासायनिक नोंदींची इतकी लांब मालिका जगात विरळाच. तिचा मूळ हेतू मात्र वेगळा होता. एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ पाण्यातील नायट्रेटला पूर्वी मिसळून गेलेल्या सांडपाण्याची खूण मानत. कॉलऱ्याने धास्तावलेल्या शहराला तेवढेच हवे होते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत नायट्रेटचे प्रमाण फारसे हलले नाही. युद्धकाळात धान्यासाठी जुनी कुरणे नांगरली गेली, मातीत साठलेला नायट्रोजन मोकळा झाला आणि आलेख चढला. १९७० च्या सुमारास तो पुन्हा उसळला. कुरणे मोडणे चालूच होते, त्यात रासायनिक खतांची भर पडली.

खत कमी केले म्हणून नदी लगेच सुधारत नाही. खोऱ्यातील खडूच्या खडकात पाणी वर्षाला जेमतेम एक मीटर खाली झिरपते. भूजलपातळी तीस मीटर खोल असेल, तर आज नदीत उतरणारे नायट्रेट मागच्या पिढीच्या शेतातले असते.

फॉस्फरसची गोष्ट सोपी. तो मुख्यतः मैलापाणी व धुण्याच्या पावडरींतून येई. १९९१ च्या युरोपीय सांडपाणी निर्देशानंतर शुद्धीकरण केंद्रांत तो वेगळा काढला जाऊ लागला आणि नदीतील प्रमाण झपाट्याने घटले. तरीही वसंतात शेवाळ माजतेच, कारण उरलेला फॉस्फरसही त्याला पुरतो.