५ सप्टेंबर ११७४ : कँटरबरीची आग आणि दोन विल्यम

इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथेड्रलच्या फाटकासमोर त्या दिवशी तीन झोपड्या पेटल्या. लोक ती आग विझवण्यात गुंतले असतानाच दक्षिणेच्या सोसाट्याच्या वाऱ्याने ठिणग्या उडून शिशाच्या छपराखाली शिरल्या. आत तुळया धुमसत राहिल्या, बाहेर कुणाला पत्ताच नाही! शिसे वितळू लागल्यावर धावपळ उडाली. तोवर भिक्षूंच्या उपासनेचा भाग, म्हणजे क्वायर, हातचा गेला होता.

हे लिहून ठेवले तिथल्याच गर्व्हेस या भिक्षूने.

पुनर्बांधणीसाठी फ्रान्सचा विल्यम ऑफ सांस निवडला गेला. गडी धोरणी. किती पाडावे लागेल हे त्याने हवालदिल भिक्षूंना लगेच सांगितलेच नाही. नॉर्मंडीतल्या कान शहराचा दगड जहाजांतून आला. टोकदार कमानी आणि बरगडीदार छतांची गॉथिक शैली इंग्लंडमध्ये रुजायला इथून मोठे बळ मिळाले. ११७८ मध्ये विल्यम परांचीवरून सुमारे ५० फूट खाली कोसळला. काही काळ अंथरुणातूनच सूचना दिल्या, मग मायदेशी परतला.

पुढचे काम विल्यम नावाच्याच एका इंग्रजाने ११८४ पर्यंत नेले. त्याने बांधलेल्या ट्रिनिटी चॅपलमध्ये, ११७० साली याच कॅथेड्रलात खून झालेल्या आर्चबिशप थॉमस बेकेटचे अवशेष १२२० मध्ये हलवले गेले.