घरगुती जनित्र (पूरप्रवण भाग)

घरगुती जनित्र (प्रचलित नाव : जनरेटर) हे वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरातील आवश्यक उपकरणे चालवण्यासाठी वापरले जाणारे, इंधनावर चालणारे वीजनिर्मिती यंत्र आहे. ग्रामीण भागात जनित्राची निवड साधारणपणे विजेचा भार, इंधन व किंमत यांवरून केली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडीसारख्या नदीकाठच्या गावात मात्र यंत्राचे वजन आणि ते ठेवण्याची जागा या बाबी तितक्याच निर्णायक ठरतात.

पार्श्वभूमी

नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) हे शिरोळ तालुक्यातील दत्तक्षेत्र कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते. या घटनेस 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात. पाणी याहून बरेच वर चढल्यास वस्तीला धोका निर्माण होतो. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांत कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात महापूर आले. ऑगस्ट २०१९ मधील पुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद राहिला व इंधनासह सर्वच मालाची वाहतूक अडली.

पुराच्या काळात उपकेंद्रे व रोहित्रे पाण्याखाली जातात. विजेचा धक्का बसू नये म्हणून पुरवठा मुद्दामही बंद ठेवला जातो. त्यामुळे येथील खंड भारनियमनाप्रमाणे काही तासांचा नसून अनेक दिवसांचा असू शकतो.

क्षमता

जनित्राची क्षमता केव्हीए या एककात सांगतात. डिझेल संचांसाठी शक्तिगुणक सामान्यतः ०.८ धरला जातो. म्हणजे ५ केव्हीएचा संच ४ किलोवॅट भार उचलतो. सहा एलईडी दिवे, तीन पंखे, दूरचित्रवाणी संच, शीतकपाट व मोबाइल चार्जर यांचा एकत्रित भार अर्ध्या ते पाऊण किलोवॅटच्या आसपास राहतो. त्यास २ केव्हीएचे जनित्र सहसा पुरते.

पाण्याच्या मोटरीने हे गणित बदलते. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढू शकते. त्यामुळे एक अश्वशक्तीच्या मोटरीसाठीही चालू भाराच्या कितीतरी पट मोठे जनित्र लागते. पुराआधीच गच्चीवरील टाकी भरून ठेवल्यास मोटरीचा भार वगळता येतो.

इंधन

ऊसपट्ट्यात पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिने पूर्वीपासून वापरात असल्याने त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर गावोगावी आढळतात. डिझेल संच टिकाऊ असतो व दीर्घकाळ चालतो. परंतु आवरणासह त्याचे वजन काही शे किलो भरते आणि पाणी चढू लागल्यावर तो हलवता येत नाही. त्यासाठी पूररेषेच्या वर पक्का चौथरा आवश्यक असतो.

पेट्रोलवर चालणारे लहान इन्व्हर्टर-जनित्र वीस-पंचवीस किलोचे असते व दोन माणसांना जिन्यावरून सहज नेता येते. २ केव्हीएचा संच निम्म्या भारावर तासाला सुमारे पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेतो. रोज चार तास वापर धरल्यास ३० लिटर पेट्रोल आठवडाभर पुरते. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना साठवण्याची कायदेशीर मर्यादाही ३० लिटरच आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. म्हणून पावसाळा संपल्यावर ते वाहनात वापरून टाकी व कार्बोरेटर रिकामे ठेवतात.

जागा व धूर

पुरापासून सुरक्षित जागा म्हणजे वरचा मजला. परंतु जनित्र घरात चालवणे प्राणघातक ठरते. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग व वास नसतो. खिडकी उघडी ठेवणे किंवा पंखा लावणे हा त्यावरील उपाय नाही. बंद जिना, पडवी व माळा या जागाही वर्ज्य मानल्या जातात. मोकळ्या गच्चीवर, दारे-खिडक्यांपासून सुमारे सहा मीटर दूर, वरून पावसाचे आच्छादन पण चारही बाजूंनी उघडी अशी जागा योग्य ठरते. कौलारू, गच्ची नसलेल्या घरात अशी जागा मिळत नसल्यास बॅटरीचा पर्याय अधिक सुरक्षित असतो. इंधन यंत्रापासून वेगळे ठेवतात आणि गरम यंत्रात ते भरत नाहीत.

जोडणी व नियम

जनित्र घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच आवश्यक असतो. तो नसल्यास वीज उलट वाहिनीत जाते, रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि बंद समजून वाहिनीवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येतो. स्विच व मुख्य फलक तळमजल्यावर असल्यास ते पाण्यात जाण्याची शक्यता असते. अशा घरात वरच्या मजल्याचे मंडळ स्वतंत्र ठेवतात. अर्थिंगही आवश्यक असते. डिझेल संचांच्या आवाजाची मर्यादा आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. नव्या संचांना १ जुलै २०२३ पासून अधिक कडक उत्सर्जन मानके लागू झाली.

पर्याय

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १.८ युनिट वीज साठते. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. दिवे, एखादा पंखा व मोबाइल यांसाठी ती एक रात्र पुरते. दिवसा जनित्रावर बॅटरी भरून रात्री इन्व्हर्टर वापरल्यास इंधन व आवाज दोन्ही वाचतात. जाळ्याशी जोडलेली, बॅटरी नसलेली छतावरील सौर यंत्रणा मात्र पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडते.

स्थलांतराची सूचना मिळाल्यावर जनित्र हे घरात थांबण्याचे साधन ठरत नाही; वीज असली तरी वाढते पाणी बाहेर पडण्याचा मार्ग बंद करते.

हे सुद्धा पहा

नृसिंहवाडी
महावितरण
इन्व्हर्टर